जयवंताचं मूळचं पडणं

पिक्चर ऐन रंगात आला होता. पडद्यावर अर्धं आभाळ पेटलं होतं, एका ग्रहाची दोन शकलं झाली होती आणि वर्ध्याच्या त्या थेटरातले लोक तोंडातला मका चावायचा विसरले होते. अशा वेळी मधल्या रांगेतला पांढऱ्या सदऱ्यातला एक सहासष्ट वर्षांचा माणूस ताडकन उभा राहिला आणि पडद्याकडे बोट करून ओरडला, "अबे, हा तं मी हाय!"

हा माणूस म्हणजे जयवंता. शेजारी बसलेली त्याची नात रोशनी खुर्चीत जेवढं खाली सरकता येईल तेवढी सरकली. मागून कोणी म्हणालं, "काका, तुमी असान तं वर जाऊन बसा, आमाले दिसून नाई राह्यलं." मग बॅटरीवाला आला. त्यानं जयवंताच्या तोंडावर उजेड पाडला, पडद्यावरच्या गोऱ्या नायकाकडे पाहिलं, पुन्हा जयवंताकडे पाहिलं आणि म्हणाला, "बसा."

जयवंता बसला. पण त्याचं मन काही बसेना. 'सूर्यभेद' नावाचा तो पिक्चर. त्यात एका कोरड्या ग्रहावर सगळं पाणी राजानं आभाळात टांगलेल्या एका टाकीत कोंडून ठेवलेलं असतं. खालच्या बोगद्यांत राहणाऱ्या लोकांना ते थेंब मोजून मिळतं. त्या बोगद्यातला एक पोरगा पाठीवर यंत्र बांधून वर चढतो, डाव्या हातानं दांडा मारतो, टाकी फोडतो आणि तिथून खाली पडतो. हेच नाटक १९८१ सालच्या चौदा एप्रिलला जयंतीनिमित्त अल्लीपूरच्या पलीकडल्या एका लहान गावात, दोन बैलबंड्या जोडून केलेल्या स्टेजवर झालं होतं. नाव होतं 'आभाळातली टाकी'. लिहिलं होतं जयवंताचा जिवाभावाचा दोस्त कवडू यानं. आणि पाठीवर कपाशीच्या फवारणीचा पंप बांधून टाकी फोडणारा पोरगा होता जयवंता.

आता खरी गोष्ट सांगायची तर जयवंतानं पडावं असं नाटकात कुठंच लिहिलेलं नव्हतं. टाकी म्हणून शिडीवर पत्र्याचा ड्रम ठेवला होता. नाटक खरं वाटावं म्हणून कवडूनं त्यात खरंच पाणी भरायला लावलं. फळी ओली झाली. जयवंतानं दांडा मारला, ड्रम सांडला, पाय घसरला आणि तो पंपासकट उडून थेट बाजाच्या पेटीवर पडला. पेटी अशी कण्हली की तसा सूर त्या गावात पुन्हा कोणी ऐकला नाही. लोक हसले. सिंहासनावरचा राजा हसला. राजाच हसल्यावर प्रजेला कोण आवरणार? त्यानंतर कवडूचं शेवटचं भाषण होतं, साऱ्या नाटकाचा जीव त्या भाषणात होता. ते झालंच नाही. पडदा ओढला.

त्या दिवसापासून दोन गोष्टी घडल्या. गावानं जयवंताचं नाव 'आभाळपड्या' ठेवलं, आणि कवडूनं त्याच्याशी बोलणं टाकलं. पुढं जयवंता रस्त्याच्या गँगवर लागला, सावंगीला येऊन राहिला, नातवंडांचा आजा झाला, पण गावात लग्नाला गेला की एखादा म्हातारा विचारायचाच, "का बे आभाळपड्या, पेटी आणू का?" आणि मांडवाच्या दुसऱ्या टोकाला कवडू पाठ फिरवून जेवत बसलेला असायचा. थट्टेचं काही नाही. ती पाठ जयवंताला चव्वेचाळीस वर्षं पचली नव्हती.

आणि आज परदेशातल्या एवढ्या मोठ्या लोकांनी तेच पडणं कोट्यवधी माणसांसमोर, सनईसारख्या करुण वाजंत्रीत, संथपणे दाखवलं होतं. बाजूच्या रांगेतली एक बाई त्या पडण्यावर डोळे पुसत होती!

"काय हौसेनं चोरलं पोरी!" थेटरातून बाहेर पडताना जयवंता म्हणाला. "चोरावं तं असं. काहीच कमी नाई पडू देल्लं. आपला तं एकच ड्रम होता."

रोशनी सावंगीला फिजिओथेरपीच्या दुसऱ्या वर्षाला. ती फोनवर असल्याच पिक्चरवेड्यांच्या एका गटात होती. गटाचं काम एकच: असा कोणताही मोठा पिक्चर आला की तो कुठून उचलला ते शोधायचं. 'सूर्यभेद'वर तिथं आठ दिवसांपासून रण माजलं होतं. एक म्हणे जपानमधून, एक म्हणे जुन्या चित्रकथेतून, आणि अंतराळात आवाज येत नाही तर टाकी फुटल्याचा धडाका कसा ऐकू आला यावर दोन जणांनी एकमेकांशी बोलणं सोडलं होतं.

"आबा, तुमीबी लिहा ना," रोशनी सहज म्हणाली. इथं तिची चूक झाली.

कारण जयवंताला लिहायला शिकवलं होतं तिनंच. ती पहिलीत गेली तेव्हा आजा बावन्न वर्षांचा होता आणि तिच्याच पाटीवर, तिच्याच मागून अक्षरं गिरवत तो शिकला. तेव्हापासून त्याला लिहायला निमित्त मिळत नव्हतं. पेन्शनच्या कागदावर सही, लग्नाच्या पाकिटावर नाव, संपलं. आता निमित्त मिळालं. तीन दिवस जयवंता ओट्यावर बसून लिहीत होता. चार पानं झाली. पहिल्या पानावर पिक्चरची स्तुती, दुसऱ्यावर आणखी स्तुती, तिसऱ्यावर आरोप, आणि चौथ्यावर आरोपाबद्दल दिलगिरी. रोशनीनं पानांचे फोटो काढून गटात टाकले.

गटाचा म्होरक्या सुमीत हा जिल्ह्याच्या ठिकाणी संगणकाच्या दुकानात काम करणारा, चष्मेवाला, फार गंभीर तरुण. त्याचं उत्तर तासाभरात आलं: "आजोबा, तुमचं परीक्षण या वर्षातलं सर्वोत्तम आहे. पण मौलिकतेच्या दाव्याला लेखी पुरावा लागतो. येत्या रविवारी दुपारी पवनारला धाम नदीच्या काठावर आपली बैठक आहे. पुराव्यासह यावे."

झालं. सावंगीच्या त्या गल्लीत ही बातमी पसरायला भाजीवाल्याची एक फेरी पुरली. समोरच्या विमलाबाईंनी सल्ला दिला की पिक्चरवाल्यांच्या नादी लागू नये, त्यांच्याकडे अणुबाँब असतात. शेजारचे बंडोपंत मात्र खुर्ची ओढूनच बसले. बंडोपंत कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. त्यांना निवृत्तीपासून कोणी अर्ज लिहायला सांगितला नव्हता आणि त्यांची तब्येत त्यामुळं खालावली होती.

"जयवंतराव, भावनेनं काही होत नाही," ते चष्मा पुसत म्हणाले. "दाखला पाहिजे, दाखला! नाटक झालं, त्यात तुम्ही टाकी फोडली, याची गावच्या दप्तरी नोंद असणारच. तीन प्रतींत अर्ज करू."

त्यांच्या अंगात चार वर्षांनी रक्त खेळू लागलं. अर्ज एका बैठकीत तयार झाला. भाषा इतकी कडक की जयवंताला स्वतःचीच भीती वाटली. सही मात्र त्यानं झोकात केली.

दुसऱ्या दिवशी तो एसटीनं गावी गेला. ग्रामपंचायतीत दिपाली नावाची तरुण ग्रामसेविका होती. तिनं अर्ज वाचला, मग दार लोटून घेतलं, आणि हलक्या आवाजात विचारलं, "बाबा, हे तुम्ही स्वतःहून लिहिलं का?"

अर्जात लिहिलं होतं: 'उपरोक्त विषयास अनुसरून, दिनांक १४ एप्रिल १९८१ रोजी अर्जदाराने मौजे मजकूर येथील पाण्याची टाकी हेतुपुरस्सर फोडली असून तसा दाखला मिळावा.'

"हो," जयवंता अभिमानानं म्हणाला. "सारं गाव साक्षीले होतं."

"पण बाबा, गावात टाकीच झाली चौऱ्याण्णव साली. मग तुम्ही फोडली ती कोणती?"

"आभाळातली."

दिपालीनं पेन खाली ठेवलं. "बाबा, आभाळ आपल्या हद्दीत येत नाही," ती म्हणाली.

पण पोरगी भली होती. तिनं सगळी हकीकत ऐकून घेतली, स्वतः चहा सांगितला आणि कपाटावरची धुळकट रजिस्टरं उतरवली. दोघं दीड तास पानं उलटत बसले. जयंतीच्या मिरवणुकीची नोंद होती, लाउडस्पीकरची होती, नाटकाची कुठंच नव्हती. शेवटी तिला एक ओळ सापडली. ती तिनं मोठ्यानं वाचली, आणि वाचता वाचता तिचा आवाज बारीक होत गेला: "'बाजेवाल्याची तक्रार. जयवंता पेटीवर पडला. समज दिली.'"

या ओळीची नक्कल, वर गोल शिक्का, खाली सही, असा कागद जयवंताला मिळाला. ज्या माणसानं आयुष्यभर रस्ते बांधले, कुणाचं वाईट केलं नाही, त्याच्याबद्दल गावाच्या दप्तरात एवढी एकच ओळ होती. त्यानं घडी केली आणि खिशात घातली. डांबर तुडवलेला माणूस. तोंडावर काही दिसू दिलं नाही.

आता एकच पुरावा उरला होता. कवडूची वही.

कवडूचं घर तिथून चार घरं पुढं. पण ती चार घरं जयवंतानं चव्वेचाळीस वर्षांत ओलांडली नव्हती. कवडू ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत होता. वर न पाहताच म्हणाला, "बस. खाट मजबूत हाय. पडणार नाई."

जयवंता बसला. मग त्यानं सगळं सांगितलं: पिक्चर, टाकी, पंप, पडणं, गट, सुमीत, रविवार, पवनार. "कवडू, तुयं नाटक त्यायनं साऱ्या दुनियेले दाखोलं. भल्लं चांगलं दाखोलं. पण तुयं नाव नाई त्याच्यात. मले तुयं नाव पायजे. तुयी वही दे."

"वही वाळवीनं खाल्ली," कवडू म्हणाला. "तिले आवडली असन. पुठ्ठाबी नाई ठेवला."

"मंग तू तं चाल. तू सांग त्यायले."

कवडूनं हातातली शेंग सुपात टाकली. "शेवटचं भाषण लिहाले मले दोन महिने लागले होते जयवंता. सात येळा फाडलं अन् सात येळा लिहिलं. माह्यी माय पयल्या रांगेत येऊन बसली होती. तिनं ते ऐकलंच नाई. पुढच्या जयंतीले ती नव्हती." तो उठला. "तुले दाखला पायजे तं पेटीवाल्याले माग. जाय, बस चुकन तुयी."

जयवंता घरी आला तो जेवलाच नाही. "जाऊ दे," तो रोशनीला म्हणाला, "लिहून टाक तुया गटात, म्हातारा खोटा होता म्हण. रविवारी नाई जात मी."

त्याची बायको सुलोचना ताटाशी बसून हे ऐकत होती. ती पिक्चरला गेली नव्हती आणि या सगळ्या प्रकरणात तिनं आतापर्यंत एकच मत दिलं होतं, की चार पानं लिहिण्यापेक्षा त्यानं तेवढ्या वेळात कूलर पुसला असता. आता ती म्हणाली, "वही नाई तं काय झालं? तुमी हाव ना."

"म्हंजे?"

"म्हंजे काय माय! तवा तुमाले वाचता येत होतं का? कवडूभाऊ वाचे अन् तुमी पाठ करत. तुमचं एकट्याचं नाई, राजाचं, राणीचं, शिपायाचं, साऱ्यायचं. लग्न झालं तवापासून ऐकून राह्यली मी. ताप आला की तुमी राजाचं बोलता. राणीचं तं मलेबी येते."

जयवंतानं तिच्याकडे पाहिलं. मग हळूच पहिलं वाक्य म्हटलं. दुसरं आलं. तिसरं आलं. भाकर ताटात थंड झाली. तिसरा प्रवेश संपला तेव्हा रोशनी फोन बाजूला ठेवून, गुडघ्याला मिठी मारून ऐकत होती.

रविवारी दुपारी पवनारच्या काठावर गटाचे अकरा जण जमले. सोबत पोह्याचे डबे होते. जयवंतानं शेजाऱ्याकडून फवारणीचा पंप मागून आणला होता. तो चांगला धुऊन, साधं पाणी भरून त्यानं पाठीवर बांधला होता. पूर्वीच्या पंपाला दांडा होता, हा बॅटरीचा. पण नाटकात एवढी सवलत चालते. सुलोचनानं निघताना एकच अट घातली होती: "पडाचं नाई." बंडोपंत तीन प्रतींची फाईल छातीशी धरून पाण्याच्या अगदी कडेला, सावलीचा दगड धरून बसले होते.

सुमीतनं आधी शिक्क्याचा कागद वाचला. दोनदा वाचला. "आजोबा," तो अवघडून म्हणाला, "यात नाटकाचा उल्लेख नाही. फक्त पडण्याचा आहे."

"मालूम हाय मले," जयवंता म्हणाला. "नाटक इथं हाय." आणि त्यानं डोक्याला बोट लावलं.

मग तो उभा राहिला आणि त्यानं सुरू केलं. तो राजा झाला तेव्हा त्याची मान ताठ झाली; राणी झाला तेव्हा पदर नसताना पदर सावरला. खालच्या आळीतली म्हातारी थेंबासाठी ओंजळ धरते, तिथं त्यानं ओंजळ धरली, आणि ती ओंजळ पाहून पोरांनी पोह्याचे डबे बंद केले. गेले पंधरा दिवस जी मंडळी अंतराळातल्या आवाजावर भांडत होती त्यातल्या एकानंही विचारलं नाही की त्या ग्रहावर गुरुत्वाकर्षण किती. तासभर फक्त जयवंताचा आवाज आणि दगडावरून जाणारं धामचं पाणी.

शेवटचा प्रवेश आला. टाकी म्हणून तो काठावरच्या एका खडकावर चढला. "पाणी कोणाच्या बापाचं नाई!" अशी गर्जना केली. डावा हात उगारला. इथं त्यानं थांबायचं होतं. तसा तो थांबलाही. पण पंप गळका निघाला. खडक ओला होता. आणि ज्या वाक्याला चव्वेचाळीस वर्षांपूर्वी पाय घसरला होता त्याच वाक्याला तो पुन्हा घसरला. जाता जाता त्यानं आधाराला बंडोपंतांना धरलं. जयवंता, पंप, बंडोपंत आणि तीन प्रती, असे सगळे एकदम गुडघाभर पाण्यात गेले.

कुणी हसलं नाही. सुलोचनानं "अगं माय!" म्हणून तोंडावर हात धरला. रोशनी धावली. बंडोपंत पाण्यात उभे राहून फक्त "मूळ प्रत! मूळ प्रत!" एवढंच म्हणत होते. जयवंता बसल्या जागी ओलाचिंब, मान खाली. दोन्ही वेळा तेच. तेवढ्यात काठावरच्या झाडामागून एक हसणं ऐकू आलं. दमा असलेल्या माणसाचं, मध्येच तुटणारं, पुन्हा सुरू होणारं. ते थांबेचना.

झाडाला धरून कवडू उभा होता. हातात छत्री, अंगात धुतलेला सदरा.

जयवंतानं वर पाहिलं. मग पाण्यात बसूनच, जणू मधली चव्वेचाळीस वर्षं झालीच नाहीत असा म्हणाला, "हासू नको बे. पुढलं भाषण तुयं हाय."

कवडूचं हसणं थांबलं. तो पुढं आला, खडकापाशी उभा राहिला, छत्री खाली ठेवली. तोंड उघडलं. "इसरलो मी," तो म्हणाला. "सारं इसरलो जयवंता."

"'लोकहो,'" जयवंता पाण्यातून हळूच म्हणाला.

"लोकहो," कवडू म्हणाला.

"'हे पाणी आभाळातून नाई आलं.'"

"हे पाणी आभाळातून नाई आलं..."

असं एकेक वाक्य. पूर्वी कवडू वाचायचा आणि जयवंता मागून म्हणायचा. आता जयवंता सांगत होता आणि कवडू मागून म्हणत होता. अर्ध्यावर आल्यावर कवडूला आठवू लागलं. मग जयवंता गप्प झाला आणि कवडूनं ते भाषण एकट्यानं शेवटापर्यंत नेलं. बोलताना तो पोरांकडे पाहत नव्हता. समोरच्या एका रिकाम्या दगडाकडे, पहिल्या रांगेत कुणी बसलेलं असावं तिथं, पाहत होता.

पोरांनी टाळ्या वाजवल्या. सुमीतनं चष्मा काढून पुसला आणि मग त्याला आपलं म्होरकेपण आठवलं. "आजोबा, नाटक मोठं आहे," तो म्हणाला, "पण त्यांनी ते इथूनच उचललं, हे काही सिद्ध होत नाही."

"नाईच होत," कवडू म्हणाला. "मी त्यायच्याकडून नाई घेतलं, त्यायनं माह्याकडून नाई घेतलं. माह्यी माय विहिरीवर घागर घेऊन उभी राहे. वरून कोणी ओतलं तं पाणी, नाई तं तशीच वापस. मी तिथून लिहिलं. त्या पिक्चरवाल्याची माय कुठं उभी राह्यली असन, ते त्याले इचारा."

"तू पिक्चर पाह्यला?" जयवंतानं विचारलं.

"सकाळचा खेळ पाहूनच आलो. एक नंबर पिक्चर हाय. रडलो मी." कवडूनं हात पुढं केला आणि जयवंताला पाण्यातून ओढून उभं केलं. पंपाचे पट्टे सोडता सोडता तो त्याच्या कानाशी, पण साऱ्यांना ऐकू जाईल असा म्हणाला, "पण एक सांगतो. तो पडला तवा त्याच्या कमरेले दोरी बांधली होती. लपवली त्यायनं, पण मले दिसली. तू बिनदोरीचा पडला होता."

रात्रीच्या आधी जयवंतानं आपल्या परीक्षणाला पाचवं पान जोडलं. अक्षर थोडं ओलसर आलं, कारण सदऱ्याची बाही अजून वाळली नव्हती. त्या पानावर एवढंच होतं:

'पिक्चर सर्वांनी पाहावा. नाटकाचे लेखक श्री. कवडू यांचे काही म्हणणे नाही. पाचापैकी साडेचार. अर्धा कापला तो दोरीसाठी.'